न फुगलेला ठिपका

डॉक्टरांनी तीन वर्षांच्या मुंगीच्या हातावर पेनाने ओळीत ठिपके काढले. प्रत्येकाशेजारी एकेक थेंब सोडला: दूध, अंडं, गहू, शेंगदाणा आणि शेवटी एक बिननावाचा. मग थेंबातून बारीक सुई टोचली.

"शेवटचा कशाचा?" आईने विचारलं.

"हा सगळ्यांचाच फुगतो, डास चावल्यासारखा. हा फुगला की समजायचं, अ‍ॅलर्जीची चाचणी नीट चालली आहे."

"बघ हं मुंगे," शेजारी बसलेली आत्या म्हणाली, "आज तुझ्या आईचं पितळ उघडं पडतंय."

मुंगीने मागे आत्याच्या घरी शेंगदाण्याचं बिस्कीट खाल्लं होतं. ओठ सुजले, उलटी झाली, छाती वाजायला लागली. घराने ठरवून टाकलं, पोट बिघडलं. तेव्हापासून आई प्रत्येक पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायची आणि घर तिला हसायचं. पोरीला आजार निघालेला घराला चालत नाही. सून वेडी निघालेली चालते. आज हातावर काही उठलं नाही, तर उद्यापासून पोरीच्या तोंडात कोण काय घालेल, ते आईच्या हातात राहणार नव्हतं.

आत्या वाईट नव्हती. पंचाईत तीच होती. वाईट माणसावर निदान नजर ठेवता येते.

थोड्या वेळाने डॉक्टर आले. बाहेर पेशंटची रांग, खिशात वाजणारा फोन. त्यांनी हात उलटापालटा करून पाहिला. कोरा, स्वच्छ हात. "नॉर्मल," ते म्हणाले.

"ऐकलंस ना, वहिनी?" आत्याने मुंगीला उचललं. "चल गं राणी, बाहेर बसू. आईला पटायला वेळ लागेल."

आईला रडू यायला हवं होतं, आनंदाचं. आलं नाही. ती मघाचा ठिपका आठवत होती.

"डॉक्टर, शेवटचा तर फुगायला हवा होता ना?"

पेन थांबलं. डॉक्टरांनी वर पाहिलं.

"सर्दीचं, खाजेचं औषध दिलंत?"

"तुम्ही बंद सांगितलं होतं. आठवडाभर घरात बाटली ठेवली नाही."

"कुणीतरी दिलंय. औषध अंगात असलं की कातडी उठत नाही. ही चाचणी धरायचीच नाही."

मग मघाशी काय धरलं होतं, हे विचारायला आई थांबली नाही. ती दाराकडे धावली.

बाकावर आत्या बसली होती. मांडीवर मुंगी, मुंगीच्या हातात अर्धं बिस्कीट.

"वन्सं, सकाळी तिला काही पाजलंत?"

"नाक गळत होतं पोरीचं. पर्समध्ये माझं सिरप होतं, दिलं चमचाभर. सर्दी दिसली तर हे लोक उद्या या म्हणतात. तुझीच खेप वाचवली."

"आणि हे बिस्कीट?"

"आता काय झालं? नॉर्मल म्हणाले ना? मी मुद्दाम आणलं होतं, तेच शेंगदाण्याचं, तिच्या आवडीचं."

मुंगी खोकली. बिस्कीट खाली पडलं. "आई, घशात चावतंय."

डॉक्टर पळत आले. पळायला त्यांना आता वेळ होता. मांडीत इंजेक्शन, तोंडावर मास्क. मुंगीच्या छातीतून शिट्टी वाजत होती, प्रत्येक श्वासाला गळ्याची खळी आत ओढली जात होती.

"पण अंगावर तर काहीच उठलं नाही," आत्या पुन्हा पुन्हा म्हणत होती. खरं होतं. सिरपने कातडी तेवढी गप्प केली होती.

आईचा फोन वाजला. नवरा होता, खुशीत.

"ताईचा मेसेज आला. नॉर्मल निघालं म्हणे. उगाच घाबरवलंस सगळ्यांना. बोल, येताना काय आणू तिला खायला?"

आईने फोन मुंगीच्या छातीजवळ नेला आणि तिथेच धरून ठेवला.