हापूसला गुंडाळलेलं शेवटचं प्रकरण

हर्षदची कादंबरी संध्याकाळी पाचला छापायला जाणार होती, आणि सकाळी साडेनऊला तिचं शेवटचं प्रकरण घरात नव्हतं.

"कसले कागद?" आंब्याच्या पेटीवर खिळा ठोकता ठोकता त्याच्या आईने, सगुणाबाईंनी विचारलं.

"टेबलावरचे. चौदा. हाताने लिहिलेले."

"ते पांढरे होय? ते गेले परवा दाभोळला. हमिदाच्या पेटीतून."

व्यापाऱ्याच्या पेटीत सगुणाबाई पेंढा घालायच्या, वर रद्दी. पण हमिदाखालाची पेटी घरच्या माणसाची. दोघींचे नवरे एका जहाजावर होते तेव्हापासून ती जात होती, आणि तिच्यातला एकेक आंबा कोऱ्या कागदात गुंडाळला जायचा. आपल्या माणसाच्या आंब्याला रद्दीची शाई लागता कामा नये, हा घरचा नियम.

"कोरे नव्हते ते, आई."

"एका बाजूने होते ना. ती बाजू मी आत केली."

सहा वर्षं हर्षद ही कादंबरी लिहीत होता. मुखपृष्ठ छापून झालं होतं. त्यावर लिहिलं होतं, 'सुपरहिरोंचे सिनेमे आवडतात? मग ही थरारक विज्ञानकथा चुकवू नका.' नायक विनीत. तो ज्या यंत्राला हात लावेल ते बंद पडतं. (कोकणात निम्म्या गोष्टी आपोआप बंद पडत असल्याने पहिली सहा प्रकरणं त्याची शक्ती कुणाच्या लक्षात येत नाही.) खलनायकाने समुद्र मागे ओढणारं एक महायंत्र बनवलंय आणि त्याची तार विनीतच्या छातीतल्या पेसमेकरला जोडलीय. ते यंत्र थांबवायचं तर स्वतःच्या छातीवर हात ठेवायचा. म्हणजे मरायचं.

यातून विनीत कसा वाचतो, ते हर्षदला एकशे दोन ताप असताना सुचलं होतं. दोन दिवसांत त्याने चौदा पानं लिहिली. ताप उतरला, त्याबरोबर सगळं डोक्यातून गेलं. आता आठवून लिहायला बसला तर विनीत दर वेळी मरत होता.

पुण्याहून प्रकाशिका योगिनीबाईंचा मेसेज आला. 'पाचपर्यंत शेवट आला नाही तर तुमच्या जागी मधुमेहींच्या पक्वान्नांचं पुस्तक घेते. ते निदान पूर्ण आहे.'

हमिदाखालाच्या फोनवर नुसती रिंग जात होती. अनोळखी नंबर खाला उचलत नाही; तिच्या मते पलीकडे ओटीपीवालाच असतो. आईच्या फोनवरून करावा तर तिचा रिचार्ज संपलेला. हर्षदने स्कूटर काढली.

जयगडची फेरीबोट त्याच्या डोळ्यांसमोर सुटली. पुढच्या बोटीत शिरताना एक म्हैस आडवी उभी राहिली आणि तिला मागे घ्यायला पंचवीस मिनिटं गेली. गुहागरच्या अलीकडे टायर बसला. पंक्चरवाला जेवायला गेलेला. धोपाव्याच्या जेटीवर तो पोचला तेव्हा दाभोळचा किनारा समोर दिसत होता, आणि बोट तिथेच, पलीकडे, निवांत उभी होती. हर्षद पाण्याकडे असा बघत होता की तिकीटवाला म्हणाला, "दादा, पोहून जायचा विचार असेल तर करंट मोठा आहे हां."

चार वाजून दहा मिनिटांनी तो खालाच्या ओट्यावर चढला.

"अरे हर्षद! किती सुकलास रे. बस, पाणी घे."

"खाला, कागद."

कागद होते. चिकाने एकमेकांना चिकटलेले, काही धुवून दोरीवर वाळत घातलेले, शाई उतरलेली. मोजले तर बारा. बाराव्या पानावर विनीत हात उचलतो, एवढं कसंबसं लागत होतं.

"बाकीचे दोन?"

"दोन आंबे धाकट्याला, आमच्या तहाला दिले, होडीवर खायला. परवा येईल तो."

हर्षद खालीच बसला. खालाची सून इफ्फत आतून आंब्याच्या फाका घेऊन आली. तिचा नवरा कुवेतला; मुलं शाळेत गेली की ती एकेक सुपरहिरोपट संपवायची.

"वहिनी, तुम्ही वाचलंत हे?"

"वाचलं की."

"मग सांगा ना. शेवटी तो कसा वाचतो?"

"तुमचीच गोष्ट ना ही?"

"आठवत नाही मला. पाया पडतो तुमच्या."

इफ्फतने ताटली ठेवली. "त्यात काय एवढं? तो छातीवर हात ठेवतो. दोन्ही यंत्रं बंद. तो पडतो. मग त्याची बायको त्याचा हात उचलून बाजूला करते."

"मग?"

"मग काय? मिक्सर बंद करून परत चालू केला की लगेच फिरतो. बोटीचं मोठं इंजिन एकदा बंद पडलं की माणसं तासभर घाम गाळतात. त्याचं लहान आहे, ते लागलीच चालू. समुद्रवाल्याचं बंद ते बंदच."

हर्षदच्या डोळ्यांत पाणी आलं. तो मोबाईलवर टाईप करत सुटला. चार छप्पनला शेवट गेला. पाच वाजून चार मिनिटांनी उत्तर आलं. 'अप्रतिम. छापायला दिलं. असा शेवट सहा वर्षं विचार केल्याशिवाय येत नाही.'

त्याने तो मेसेज मोठ्याने वाचून दाखवला. खाला म्हणाली, "माशाल्ला."

"वहिनी, तुमची स्मरणशक्ती कमाल आहे. चौदाही पानं पाठ?"

"छे," इफ्फत म्हणाली. "तुमचं मी दुसऱ्या पानावर सोडलं. झोप येत होती."

हर्षदने तो मेसेज पुन्हा एकदा वाचला. मग फोन पालथा ठेवला, आणि एक फाक उचलली.