आजोबांचा हात आणि माझं मौन

मी एक जुना स्पर्श-सेन्सर आहे. अंगाने पोस्टाच्या तिकिटाएवढा. मला दाबावं लागत नाही, बोट नुसतं टेकलं तरी कळतं. माणसांत अशा स्वभावाला चिडखोर म्हणतात, यंत्रांत संवेदनशील. मी यंत्र झालो हे माझं नशीब!

मित्रांनो, मला या घरात आणलं सूनबाईंनी. त्या शाळेत विज्ञान शिकवतात. आजारपणानंतर आजोबांचा, म्हणजे त्यांच्या सासऱ्यांचा आवाज कुजबुजीएवढाच उरला होता आणि बेलचं बटण दाबण्याइतका जोर बोटांत नव्हता. तहान लागली तरी कुणी खोलीत डोकावेपर्यंत ते वाट बघत पडून राहायचे. म्हणून हा सगळा खटाटोप.

सूनबाईंनी मला तीन तारांनी एका छोट्या बोर्डाला जोडलं. एक तार वीज आणते, एक परत नेते, तिसरीवरून मी खबर देतो. पहिल्या दोन आधी उलट्या लागल्या होत्या. त्यांच्या ते वेळीच लक्षात आलं आणि माझा जीव भांड्यात पडला. बोर्ड म्हणजे हुकमाचा ताबेदार. "सुरू होताच जे माप येईल ते रिकामं, म्हणजे हात न लागलेलं, समज. त्याहून वाढलं की घंटा वाजव," एवढंच त्याला शिकवलेलं.

टेबलावर मी झकास वाजलो. मग मला आजोबांच्या खाटेला बसवलं. सूनबाई वीज सुरू करणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "थांब गं! नवी वस्तू आहे, आधी यांचा आशीर्वादाचा हात लागू दे." आजोबांचा हात माझ्यावर ठेवला आणि मगच वीज आली. झालं! बोर्डाने त्या हातालाच रिकामं मानलं.

आजोबा बोट टेकवत राहिले, मी ढिम्म.

"अहो, जोर लावा की!"

"आई, जोर नाही लावायचा!"

सूनबाईंनी तारा तपासल्या, बंद करून पुन्हा सुरू केलं. पण दर वेळी सासूबाई आजोबांचा हात घेऊन हजर! शेवटी आजोबा पुटपुटले, "राहू दे गं पोरी. मला कुणाला एवढ्या हाका मारायच्यात?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक माझी नव्हती, पण मुका मीच होतो ना!

सासूबाई डोळे पुसायला वळल्या. सूनबाईंनी वैतागून प्लग खेचला आणि पुन्हा खोचला. या वेळी माझ्यावर कुणाचाच हात नव्हता. सुनेचं मन मोडू नये म्हणून आजोबांनी एकदा बोट टेकलं, आणि मी असा कोकललो की सासूबाई जागच्या जागी उडाल्या.

सूनबाई पोट धरून हसल्या. "आई, तुमचा आशीर्वादच आडवा येत होता!"

तेव्हापासून मी वाजतोय. ओल्या फडक्याने पुसलं तर उगाचच बोंबलतो आणि सगळं घर धावत येतं. परवा दुपारी मात्र कोरडाच असताना वाजलो. सूनबाई हातातलं काम टाकून आल्या. "काय हवंय, बाबा?"

"काही नाही. येतेस का, बघितलं."

त्या रागावल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या.

तेव्हा मित्रांनो, आम्हाला कोरड्या फडक्याने पुसा, सुरू करताना हात बाजूला ठेवा आणि आम्ही वाजलो की या. कुणीतरी हात लावलाय, एवढंच मला कळतं. कशासाठी, ते तुम्हीच येऊन बघायचं.