लुसेलीला कडेवर पहिलं कुणी घेतलं

बसा असे पुढ्यात. पाठ टेका त्या होडीला, कोरडी आहे ती. तुमची होडी यायला वेळ आहे, तोवर एक गोष्ट सांगतो. खोटी वाटली तर उठून जा, मी काही धरून ठेवणार नाही. आमच्याच चान-हा गावातली आहे, आणि सगळी गोष्ट एका बाईच्या कमरेवर बसलेली आहे.

आन्सेल्मो चाब्ले हा आमचा होडीवाला. किनारा, खारफुटीतले कालवे, राखीव जंगल, आमच्या जुन्या लोकांची पडकी देवळं, पाहुण्यांना हे सगळं फिरवून आणायचं हा त्याचा धंदा. माणूस सरळ, पण तोंडाला कुलूप. बायको देवाघरी गेलेली. घरात मुलगी विल्मा आणि विल्माची तान्ही पोर, लुसेली. जावई वर शहरात हॉटेलात राबतो, अधूनमधून येतो.

या आन्सेल्मोला एक थोरली बहीण, बासिलिया. दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. कारण काय, तर बासिलियाच्या मक्याच्या रानामागं झाडीत एक लहानसं देऊळ आहे. चार भिंती आणि त्यांना आवळून बसलेली झाडाची मुळं, बस्स. पण तिथं रानाचे धनी राहतात, मक्याची पेज ठेवल्याशिवाय आम्ही तिकडं पाऊल टाकत नाही. आन्सेल्मोनं एकदा पाहुणे नेले. बहिणीला विचारलं नाही, पेज ठेवली नाही. पुढं काही दिवसांतच बासिलियाच्या पोकळ ओंडक्यांत पाळलेल्या मधमाश्या उठून गेल्या. धनी कोपले, असं तिनं धरलं. या आमच्या बिनडंखाच्या माश्या, तिला आईकडून आलेल्या, आईला आजीकडून. आणि भाऊ तिथं गेला होता हे तिला कळलं कुठं, तर गिरणीवर, मका दळताना, चार बायकांच्या तोंडून. तेव्हापासून तो रस्त्यानं आला की ती तोंड फिरवायची.

आता आमच्यात पोरगी तीन महिन्यांची झाली की तिला पहिल्यांदा कडेवर घेतात. तीन महिने का, तर चुलीचे दगड तीन. तोवर आडवीच न्यायची, हातावर नाहीतर झोळीत. जी बाई पहिल्यांदा पाय फाकवून कमरेवर बसवते ती पोरीची धर्माची आई, आणि पोरगी तिच्या गुणांवर जाते. त्या दिवसापासून ती घरातल्या सगळ्यांची कोमाद्रे, म्हणजे मानाची सोयरी होते, आणि घरातले पुरुष तिचे कोंपाद्रे. आणि कोमाद्रेशी भांडण करायचं नाही, तिच्याशी आवाज चढवून बोलायचं नाही. मोडलं तर पाप.

तर आन्सेल्मोनं डोकं चालवलं. लुसेलीला बासिलियानंच कडेवर घ्यायचं. म्हातारपणी बहिणीशी बोलायची दुसरी वाट त्याला दिसत नव्हती. रिवाजाप्रमाणं गोड पाव आणि चॉकलेट घेऊन तो तिच्या दारात गेला. तिनं तोंड फिरवलं. पण पाव ठेवून घेतला. पाव ठेवला म्हणजे हो.

दिवस ठरला. सकाळी एकच गिऱ्हाईक होतं, ओर्तेन्सिया नावाची बाई, ग्वादालाहाराची. ती तिकडं शहरात बस चालवते. आखूड केस, घोगरा आवाज, दंड माझ्यापेक्षा जाड. आन्सेल्मोनं हिशेब केला, दुपारपर्यंत हिला फिरवून आणू, मग घरी विधी.

विल्मा धक्क्यावर बापाची विसरलेली शिदोरी घेऊन आली. एका हातावर लुसेली, दुसऱ्या हातात डबा. होडी हलत होती, डबा पाण्यात जायला आला. ओर्तेन्सिया धक्क्यावरच उभी होती. "आण गं इकडं," म्हणाली, पोर उचलली आणि सवयीनं टाकली की कमरेवर, एक पाय पुढं, एक पाय मागं.

विल्माचा हात तसाच राहिला. आन्सेल्मो दोर सोडत होता, तो दोर धरून उभा. बाजूच्या होडीत त्रान्सितो जाळं निवडत बसला होता. हा माणूस मयताला गेला तरी थट्टा करणार.

"घ्या," तो म्हणाला, "झाली पोरीला आई. आता लुसेली बस चालवणार. होडी कोण चालवतंय?"

"गप रे," आन्सेल्मो म्हणाला.

ओर्तेन्सिया हसत होती, तिला काय कळणार? विल्मानं पोर परत घेतली आणि डबा देताना बापाच्या कानाशी पुटपुटली, "बाबा, आत्याला सांगायचं नाही. त्रान्सितोकाकाचं तोंड मी बंद करते."

होडी निघाली. आधी किनारा. वाळूवर समुद्रानं फेकलेल्या शेवाळाचे तपकिरी ढीग कुजत होते, बाईनं नाकाला रुमाल लावला. पलीकडं कासवांनी अंडी घातलेल्या जागांवर काठ्या रोवलेल्या होत्या. ती वाकून वाकून बघत होती, विचारत होती, आणि आन्सेल्मो नुसतं "हं" करत होता. डोक्यात एकच घोळत होतं, सांगू की गिळू? गिळलं तर बासिलिया येईल, पोर कडेवर घेईल, सगळं गोड. सांगितलं तर ती विधीची टोपली उचलून जाईल, आणि या जन्मात परत यायची नाही.

मग कालवा. तिथं पाहुणे तरंगण्याचं जॅकेट चड्डीसारखं पायांत घालून बसतात आणि पाणीच त्यांना वाहून नेतं. ओर्तेन्सिया उतरली, आन्सेल्मो मागून होडी आणत होता.

"माझ्या प्रवाशांनी मला असं बघितलं तर उद्यापासून पायी जातील," ती पाण्यातून म्हणाली. तो हसला नाही. ती वळून बघत राहिली. "अहो आन्सेल्मो, सकाळपासून माझं काही चुकलंय का? भाडं देऊन मी अशा तोंडाबरोबर फिरत नसते."

त्यानं होडी काठाकडं वळवली. कालव्याच्या काठी जुन्या व्यापाऱ्यांचं दगडी घर आहे, ठेंगणं, दार इतकं बुटकं की वाकूनच जावं लागतं. तिथं होडी लावली. आन्सेल्मोनं उंबऱ्यापाशी बाटलीतली पेज वाडग्यात ओतून ठेवली. बहिणीशी बिनसल्यापासून तो हे चुकवत नाही. वाडगा ठेवता ठेवता त्याला वाटलं, आपण या धन्यांना सांगून आत जातो, आणि घरी थोरल्या बहिणीला फसवायला निघालोय. गेल्या वेळी तरी वेगळं काय केलं होतं?

त्यानं पायरीवर बसून सगळं सांगितलं. कडेवर घेणं, बासिलिया, माश्या, पाव.

ओर्तेन्सिया आधी हसली. मग त्याच्या तोंडाकडं बघून थांबली.

"मी बहिणीची चार पोरं अशीच वाढवली," ती म्हणाली. "पोर हातात आली की कंबर आपोआप वाकडी होते. आता मी काय करू? पाया पडू?"

"घरी यायचं."

"माझी संध्याकाळची गाडी आहे."

"चुकेल."

"बस चालवणारीची बस चुकणार," ती म्हणाली. "चला."

घरी बासिलिया येऊन बसली होती. पांढरा भरतकामाचा झगा, कानात सोन्याच्या रिंगा, मांडीवर टोपली. टोपलीत उकडलेलं अंडं, भाजलेल्या भोपळ्याच्या बिया, मक्याचं भाजकं पीठ, सुईदोरा. भावाकडं तिनं बघितलं नाही. विल्मानं बापाला डोळ्यांनी दटावलं.

आन्सेल्मोनं टोपी काढली. "आक्का," तो म्हणाला. इतक्या वर्षांनी तो शब्द तोंडातून निघाला तर चिरकाच निघाला. "पोरीला सकाळी या बाईनं कडेवर घेतलं. चुकून. तुझ्याआधी."

बासिलियानं टोपलीवर फडकं टाकलं, उठली, दारापर्यंत गेली. दारात थांबली. पाठ अजून आमच्याकडं. हो, मी होतो तिथं, खुर्च्या आणून द्यायला गेलो होतो.

"हे अजून कुणाला ठाऊक आहे?" तिनं विचारलं.

"त्रान्सितोला."

"म्हणजे उद्या गिरणीवर कळलंच असतं." ती वळली. "गेल्या वेळी तिथंच कळलं होतं. आज तुझ्या तोंडून कळलं."

मग ती ओर्तेन्सियासमोर येऊन उभी राहिली. तिच्या खांद्यालासुद्धा लागत नव्हती. "उठतेस किती वाजता?"

"पहाटे, अंधारात. पहिली गाडी माझीच."

"दारू?"

"लग्नात."

"खोटं बोलतेस?"

"साहेबाशी."

बासिलियाच्या तोंडाची एक बाजू हलली. "आळशी नाही एवढं बरं आहे. पण पायाला भिंगरी. पोरगी हिच्यावर गेली तर घरात टिकायची नाही."

"मग जाऊ दे ना तिला, आत्या," विल्मा एकदम बोलली. "मी कालव्यापलीकडं कधी गेले नाही. हिनं बघू दे."

म्हातारी टेबलाशी आली. मग टोपलीवरचं फडकं काढलं.

आमच्यात या विधीला जोडी लागते. एकानं पोर घेऊन टेबलाभोवती एका दिशेनं फिरायचं, दुसऱ्यानं उलट फिरून परत आणायचं. बहुतेक नवरा-बायको असतात. बासिलिया ओर्तेन्सियाला म्हणाली, "तू ने. मी परत आणते."

तशा फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला पोरीच्या मुठीत टोपलीतली एक वस्तू दिली. ओर्तेन्सिया शहाण्या पोरीसारखी सांगितलं तेवढं करत होती, घाम पुसत. मग पोर बासिलियाच्या कमरेवर गेली आणि म्हातारी उलट चालू लागली. लुसेलीनं अंड्याचा चुरा तिच्या झग्यावर सांडला. आन्सेल्मो कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता, डोळे पुसायला टोपी वापरत होता, आणि त्याला वाटत होतं कुणी बघत नाहीये.

सगळं झाल्यावर बासिलिया खुर्चीत बसली. "कोंपाद्रे," ती भावाला म्हणाली. आता ते नातं झालं, आता अरेतुरे नाही. "कोंपाद्रे, तुम्ही गाढव आहात."

"हो, कोमाद्रे," आन्सेल्मो म्हणाला.

"तुमच्यामुळं माझ्या माश्या गेल्या."

"हो, कोमाद्रे."

"बसा जेवायला."

माश्या काही परत आल्या नाहीत, खोटं कशाला सांगू. ओंडके रिकामेच आहेत. पण रविवारी ती याच्याकडं जेवते, आणि त्याला इतक्या अदबीनं शिव्या घालते की शेजारी ऐकायला येऊन बसतात. ओर्तेन्सिया त्या रात्री तिथंच विल्माजवळ टांगत्या झोळीत झोपली आणि दुसऱ्या दिवशी गेली. लुसेली आता चालायला लागली आहे, जरा लवकरच म्हणायची.

तुम्ही पुढं ग्वादालाहाराला जाणार म्हणालात ना? मग माझं एक काम करा. तिथं एखाद्या बसमध्ये चढलात आणि चालवणारी बाई घोगऱ्या आवाजाची निघाली, तर नाव विचारा. ओर्तेन्सिया असली, तर सांगा, पोरगी तुमची वाट बघते, दोन्ही धर्माच्या आया एकदा टेबलाशी बसलेल्या बघायच्यात आम्हाला. एवढा निरोप पोचवा.