पाच जणांचा एक पास

पास विकण्यात माझी एकवीस वर्षं गेली. आमच्या गावच्या बसस्थानकावर तीन नंबरच्या खिडकीत मी बसते. दोन-तीन दिवसांसाठी घरचे चार-पाच जण शहरात निघालेत असं कोणी म्हणालं, की माझं ठरलेलं वाक्य आपोआप बाहेर पडतं : "कुटुंब पास घ्या, सुटे काढून पैसे कशाला घालवता?" हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतही बडबडत असेन. ते एक दिवस माझ्याच गळ्यात पडेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

झालं असं, की खात्यांतर्गत परीक्षेत माझी पर्यवेक्षक म्हणून निवड झाली. नेमणूक शहरातल्या मुख्य कार्यालयात. पत्र बसस्थानकावर आलं, घरी नाही, हे एक नशीब. 'शुक्रवारी सायंकाळी पाचपूर्वी स्वतः हजर राहून संमतीपत्रावर सही करावी, अन्यथा निवड रद्द समजण्यात येईल.' मी ते तीनदा वाचलं, घडी घातली आणि खणात शिक्क्यांच्या खाली ठेवून दिलं. घरी चकार शब्द काढला नाही.

घरची माणसं वाईट असती तर सोपं होतं. सरळ भांडले असते. पण आमच्या घरात कोणी कोणाला नाही म्हणतच नाही. चार वर्षांपूर्वी मला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला जायची संधी आली होती, तेव्हा मी जेवताना हौसेने सांगितलं. सगळ्यांना आनंद झाला. मग हे म्हणाले, "फक्त आईच्या गोळ्यांचं काय ते बघायला हवं." वन्सं म्हणाल्या, "फक्त काडीचा अभ्यास." काडी म्हणजे आमची मुलगी, तेव्हा दहा वर्षांची. रात्रभर सगळे इतके समजूतदारपणे वागले की सकाळी मी स्वतःच नकार कळवून टाकला. वर पुन्हा सासूबाई शेजारणीला कौतुकाने सांगत होत्या, हिच्याशिवाय आमच्या घरातलं पान हलत नाही म्हणून. तेव्हाच ठरवलं होतं की पुढच्या वेळी आधी सही, मग सांगणं.

म्हणून सहल काढली. काडी आता चौदा वर्षांची, तिला सुट्टी होतीच. बुधवार ते शुक्रवार, तीन दिवस शहर बघायचं. मी सुचवलं म्हटल्यावर सगळे खूश, कारण मी एरवी काही सुचवत नाही.

पासचा विषय निघाला तेव्हा मी कागदावर दोन रकाने आखून बसले होते. एकीकडे कुटुंब पास, दुसरीकडे पाच सुटे. शहरातल्या सगळ्या बस-ट्रामना चालणारा कुटुंब पास स्वस्त, पण तो एकाच्या नावावर निघतो, त्यावर त्याचा फोटो असतो, आणि ती व्यक्ती बरोबर असेल तरच बाकीच्यांना चालतो. मला नियम काय कोणी सांगायला नको. मी म्हटलं, "सुटेच काढू."

"का?" वन्संनी विचारलं. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. शिवणकाम करतात, लग्न केलं नाही, आमच्याकडेच असतात, आणि त्यांच्या 'का'ला उत्तर दिल्याशिवाय सुटका नसते.

"म्हणजे कोणाला वेगळं कुठे जायचं असेल तर."

"वेगळं कोणाला जायचंय?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. खरंच कोणाला जायचं नव्हतं. हे चष्म्याच्या दुकानात काम करतात, दिवसभर लोकांना 'हे दिसतं का, ते दिसतं का' विचारतात, आणि घरी आल्यावर स्वतःला काही दिसत नसल्यासारखे वागतात. ते हसून म्हणाले, "अगं, साऱ्या गावाला तूच सांगतेस ना, सुटे काढून पैसे कशाला घालवता म्हणून? आणि आपणच घालवायचे?"

कागदावरचा दुसरा रकाना मी माझ्याच हाताने खोडला.

तरी अजून एक वाट होती. पास यांच्या नावावर काढायचा. मग मी गेले काय आणि राहिले काय, बाकीच्यांचं अडत नाही. हे मी गाडीत पाच तास मनात घोकत होते. स्वतःच्या खिडकीतून स्वतःच्या घरचा पास काढायला आम्हाला मनाई आहे, म्हणून शहरात उतरल्यावर पासच्या खिडकीपाशी गेले. आत माझ्याच वयाची, माझ्यासारखाच डोळ्यांवरून चष्मा कपाळावर चढवलेली बाई होती. तिने न बघता विचारलं, "ओळखपत्र?" आणि माझ्या हाताने माझं ओळखपत्र सरकवलं.

सवय, दुसरं काय. घरातला प्रत्येक अर्ज मी भरते. गॅस, वीज, शाळा, दवाखाना, जिथे कोणी 'ओळखपत्र' म्हणेल तिथे माझंच पुढे जातं, कारण बाकीच्यांची कुठे ठेवलीत हे त्यांना माहीत नसतं. छापणाऱ्या यंत्राचा आवाज आला तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"अहो, थांबा, नाव बदलायचं होतं," मी म्हणाले.

"एकदा छापल्यावर नाव बदलता येत नाही, ताई."

हेही वाक्य माझंच. ती अगदी माझ्याच सुरात बोलली, थोडं दमून आणि थोडं माफी मागत. पासवर माझा फोटो होता, आणि खाली लिहिलं होतं : धारक व सोबत चार.

बुधवार तलाव, बाग आणि एक उंच मनोरा बघण्यात गेला. ट्राममध्ये चढताना हे मागे वळून मोजायचे, "एक, दोन, तीन, चार, आणि पासवाली." सगळे हसायचे. तिसऱ्यांदा मला हसायला आलं नाही. काचेला टेकून मी स्टॉपची नावं वाचत बसले होते. मुख्य कार्यालयाचा स्टॉप दोनदा येऊन गेला. मोठी करडी इमारत, पायऱ्यांवर लोक. चार पावलांवर होती, पण बरोबर चौघं होती.

गुरुवारी सकाळी मी डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले. "तुम्ही फिरून या, मी पडते जरा." ते गेले की पाठोपाठ निघायचं, असा बेत.

"पण पास तुझ्या नावावर आहे ना," हे म्हणाले.

"एक दिवस तिकीट काढा."

"पास असताना तिकीट?" सासूबाईंनी असं विचारलं, जणू मी ताटातलं अन्न टाकून द्यायला सांगितलंय.

मग कोणीच गेलं नाही. भाड्याच्या त्या एका खोलीत दोन पलंग, एक खुर्ची आणि आम्ही पाच जण. वन्संनी डोकं चेपलं. यांनी दर दहा मिनिटांनी ओली पट्टी बदलली. सासूबाई पायाशी बसून स्वतःच्या डोकेदुखीच्या आठवणी सांगत होत्या. मी डोळे मिटून घेतले, तर कुजबुज सुरू झाली, "झोपली वाटतं, हळू बोला." छातीवर कोणीतरी उशी दाबून धरल्यासारखं वाटत होतं, आणि दाबणारे हात मायेचे होते. दुपारपर्यंत माझं डोकं खरोखरच दुखायला लागलं.

शुक्रवारी मी वस्तुसंग्रहालय ठरवलं. तिथून कार्यालय चालत सात मिनिटं. आत गेलं की माणसं निदान दोन तास रमतात. साडेतीनला सगळे जुन्या वाहनांच्या दालनात होते. मी वन्संना म्हणाले, "मी जरा हात-पाय धुऊन येते."

"चला, मीही येते."

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "जरा मोकळ्या हवेत जाऊन येते."

"चला, मलाही आत कोंदटच वाटत होतं."

आम्ही पायऱ्यांवर मोकळी हवा खात उभ्या राहिलो. समोरच्या चौकातल्या घड्याळात पावणेचार झाले. तेवढ्यात हे सासूबाईंना धरून बाहेर आले, मागोमाग काडी. त्यांचा गुडघा सुजला होता. "मला खोलीवर ने बाबा," त्या म्हणत होत्या.

"तुम्ही इथे पाच मिनिटं बसा," मी म्हणाले. "मी आलेच."

"कुठून?" यांनी विचारलं.

उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हणाले, "काही नाही, चला." का म्हणाले, ते आजही मला सांगता येणार नाही. तीन दिवस माणूस बंद डब्यात राहिला की झाकण उघडलं तरी त्याला उठायचं सुचत नसावं.

ट्राम यायला वेळ लागला. चढलो तेव्हा सव्वाचार झाले होते. हे म्हणाले, "एक, दोन, तीन, चार, आणि पासवाली." तिसऱ्या स्टॉपला ती करडी इमारत दिसली. दार उघडलं. मी उठले आणि उतरले. विचार वगैरे काही केला नाही. फुटपाथवर माझी पावलं पडली आणि पहिल्यांदा पूर्ण श्वास घेता आला.

मागून आवाज आला, "अगं, ही उतरली. उतरा, उतरा, पास तिच्याकडे आहे."

मी वळले. काडीने उडी मारली, वन्सं पिशव्यांसकट उतरल्या, आणि हे सासूबाईंना जवळजवळ उचलूनच खाली आणत होते. ट्राम निघून गेली. चौघंही धापा टाकत माझ्याभोवती उभी राहिली.

"आपला स्टॉप अजून चार पुढे आहे," हे म्हणाले.

"माहितीये," मी म्हणाले. मग सगळं सांगितलं. पत्र, निवड, पाच वाजेपर्यंतची मुदत. आवाज चढला होता, आणि जाणारे-येणारे बघत होते. सांगून झाल्यावर वाटलं, आता तरी कोणीतरी चिडेल.

"एवढी मोठी बातमी," हे म्हणाले, "आणि लपवून ठेवलीस?" त्यांचा चेहरा खरोखर पडला होता. मग तो त्यांनी सावरला. "चला, आम्ही पण येतो."

अधिकारी बाईंच्या खोलीत दोनच खुर्च्या होत्या. एकीवर सासूबाई बसल्या, दुसरीवर मी. बाकीचे मागे उभे राहिले. बाईंनी माझं अभिनंदन केलं आणि कागद पुढे केला. त्यावर दोन चौकोन होते, मान्य आणि अमान्य.

"घरच्यांना चालणार आहे ना?" बाईंनी सहज विचारलं.

"हो हो, आम्ही कशाला नाही म्हणू?" हे म्हणाले. "फक्त एवढंच, की राहण्याचं कसं होणार..."

"फक्त काडीची शाळा अर्ध्यावर आहे," वन्सं म्हणाल्या.

"माझं काय, माझं कसंही होईल," सासूबाई म्हणाल्या. "फक्त त्या गोळ्या मला ओळखू येत नाहीत."

पेन माझ्या हातात होतं. चार वर्षांपूर्वीचं ताट माझ्यासमोर पुन्हा वाढलं जात होतं. पाचला बारा मिनिटं कमी होती. मी पेन खाली ठेवलं. खरं सांगते, मी हरले होते. अमान्यवर खूण करायला फार जोर लागत नाही.

"आजी, ऊठ," काडी म्हणाली. तीन दिवसांत ती जेमतेम दहा वाक्यं बोलली असेल. "बाबा, तुम्ही पण चला. पत्रावर एकट्या आईचं नाव आहे."

"अगं, पण आम्ही फक्त..."

"ते 'फक्त' बाहेर जाऊन म्हणा."

बाईंनी मान खाली घालून काहीतरी शोधल्यासारखं केलं. काडीने तिघांना बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं.

तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्याजवळ घरचं कोणी नव्हतं. मला वाटलं होतं फार हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. दाराबाहेर सासूबाई खोकत होत्या आणि माझा हात आपोआप पिशवीतल्या पाण्याच्या बाटलीकडे गेला. तो मी मागे घेतला, मान्यवर खूण केली आणि सही केली. सही वाकडी आली.

बाहेर बाकावर तिघं ओळीने बसली होती. काडी उभी होती. मीच म्हणाले, "केली सही. पुढच्या महिन्यापासून."

हे "बरं" म्हणाले आणि बुटांकडे बघत राहिले. वन्संनी पिशवीची चेन उघडली, पुन्हा लावली.

"मला कळलं होतं काहीतरी आहे म्हणून," सासूबाई म्हणाल्या. "बुधवारपासून तू आमच्याकडे एकदा धड बघितलं नाहीस. मला वाटलं, हिला आपला कंटाळा आला असेल."

'नाही हो आई, कंटाळा कसला,' हे माझ्या जिभेवर तयार होतं. आमच्या घरात तसंच बोलायचं असतं.

"आला होता," मी म्हणाले.

हे दचकले. सासूबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं, मग हळूच मान हलवली.

"मग बरं केलंस," त्या म्हणाल्या, आणि उठायला म्हणून हात पुढे केला.

मी त्यांना उठवलं. त्या उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, दोन पावलं टाकून गुडघा चालतोय का ते बघितलं. पण माझा हात काही त्यांनी सोडला नाही.