गणपतीच्या डोक्यावरची वांगी जास्वंद

बसा हो, चहाला अजून वेळ हाय. तोवर आमच्या सिडकोतल्या खंडेरावाची एक गंमत सांगतो. सत्त्याण्णव सालची. हसू आलं तर हसा, पण कप आला की धरून हसा.

खंडेराव अंबडच्या कारखान्यात लेथवर. हातात लोखंड अन् डोक्यात जास्वंद. उदबत्तीच्या काडीला कापूस गुंडाळायचा, पिवळ्या जास्वंदीचे पराग जांभळीला लावायचे, बी धरलं की तेलाच्या रिकाम्या डब्यात पेरायचं. गच्चीभर डबेच डबे. बायकोला, लंकाबाईला, पापड वाळवायला जागा उरली नाय. शेवटी तिनं बजावलं, "यंदा फुलांच्या प्रदर्शनात कप आणा. नाय आणला तर डबे भंगारात!"

अन् त्याच वर्षी एका रोपानं कळी धरली. रंग भरताच्या वांग्याचा, कडेला हळदीची किनार. असं फूल आमच्यात कुणी बघितलं नव्हतं. उमलणार ते नेमकं प्रदर्शनाच्या सकाळी. आता जास्वंद म्हणजे एका दिवसाची पाहुणी. त्यात शेजारची विमलाबाई रोज पहाटे आकडी घेऊन गल्लीभरची फुलं पूजेला तोडायची. तिची नजर नको म्हणून खंडेरावानं आदल्या दिवशी डबा खाली आणला अन् न्हाणीच्या दाराशी ठेवला.

सकाळी आंघोळ झाली, पूजा झाली. चष्मा लावून बघतो, तर देठ बोडका!

"विमलाबाई! फूल द्या माझं!" भिंतीवरून ओरडला.

"तोंड सांभाळ, खंडेराव! मी अजून दात घासतेय!"

गल्ली गोळा झाली. तेवढ्यात आतून लंकाबाई म्हणाली, "अहो, देवघरात बघा."

गणपतीच्या डोक्यावर वांगी फूल, एकदम थाटात! रोज आंघोळ झाली की ओल्या अंगानं, बिनचष्म्याचा, हाताला लागेल ती जास्वंद तोडून देवाला वाहायची ही खंडेरावाची जुनी सवय. हातानं आपलं काम केलं, डोक्याला विचारलंच नाय.

तो फूल उचलायला गेला, तर लंकाबाई आडवी.

"खबरदार! वाहिलेलं फूल उद्या निर्माल्यातच उतरायचं."

"अगं, माझे डबे जातील!"

"मग देवालाच न्या की. त्याला तरी कोण फिरवतं?"

निघाली वरात. खंडेराव स्कूटरवर, मागं लंकाबाई, तिच्या मांडीवर पितळी गणपती. हॉलमध्ये टेबलावर एकेक फूल एकेका बाटलीत, अन् मधोमध गणपतीबाप्पा.

परीक्षक म्हणाले, "सजावट चालत नाही."

"सजावट नाय साहेब. फूल त्यांचं हाय, मी नुसता हमाल."

परीक्षकांनी आधी चपला काढल्या, मग वाकून फूल बघितलं, मग एकमेकांकडं बघितलं. मागं दर्शनाची रांग लागली. एका आजीनं तर शेजारच्या बाटलीतला गोटीरामशेठचा गुलाब उचलला, दरवर्षी पहिला येणारा, अन् भक्तीनं देवाच्या पायाशी ठेवला. शेठ ओरडायला आला. पण देवापुढं ओरडणार कसा? उभा राहिला हात जोडून, दातओठ खात.

कप खंडेरावालाच. फूल नवंच होतं, त्यात खोट नाय. डबे वाचले. लंकाबाई त्या कपात आता तीर्थ ठेवते, अन् पापड विमलाबाईच्या गच्चीवर वाळतात.

बरं, तुम्ही पहाटे फिरायला निघता ना? उद्या परत प्रदर्शन हाय, अन् न्हाणीच्या दाराशी परत कळी भरलीय. तेवढं जाता जाता खंडेरावाला हाक मारा, म्हणावं, बाबा, आधी चष्मा लाव, मग आंघोळ कर.