अंतोनीबाबाची तुला

तेरा जूनला कुपवाडजवळच्या त्या लहानशा चर्चच्या आवारात काटा लागतो. लाकडाच्या वखारीतला जुना, मोठ्या पारड्यांचा काटा, चिंचेच्या फांदीला साखळीनं टांगलेला. संत अंतोनीचा सण. एका पारड्यात पोर बसवायचं, दुसऱ्यात त्याच्या भारंभार पाव रचायचे, फादरांनी त्यावर पवित्र पाणी शिंपडायचं आणि ते पाव गोरगरिबांना वाटायचे. नवस फेडायला आलेल्या आया रांगेत उभ्या असतात, काखेतली पोरं भोकाड पसरतात, आणि त्या रांगेत दरवर्षी एक चांगला दाढीमिशीवाला बाप्याही उभा असतो. त्याचं नाव इंद्रजित, वय सत्तावीस. मागं पदर खोचून त्याची आई विजयमाला. त्या दोघांना बघून कुणी हसलंच, तर ती अशी नजर टाकते की हसणाऱ्याला लपायला जागा पुरत नाही.

बरं, ही माणसं ख्रिस्ती नाहीत. माण तालुक्यातले मेंढरं राखणारे धनगर, देव्हाऱ्यात बिरोबा. पण दुष्काळाच्या एका वर्षी टँकरनं मेंढरांसाठी भरलेल्या हौदात चार वर्षांचा इंद्रजित पडला. जिथं माणसाला प्यायला पाणी नाही तिथं पोरगं बुडतं, याला काय म्हणावं! बाहेर काढला तेव्हा श्वास नव्हता. गावात मिशनचा दवाखाना चालवणारी सिस्टर धावत आली. तिनं त्याच्या पोटातलं पाणी काढलं, तोंडाला तोंड लावून फुंकर घातली आणि मधेमधे कुणा अंतोनीचं नाव घेत राहिली. पोरगं खोकलं. विजयमालानं तोवर ओळखीच्या सगळ्या देवांना हाका मारून झाल्या होत्या. हा कोण बाबा, असं तिनं विचारलं.

सिस्टरनं सांगितलं, की फार वर्षांपूर्वी पादुआ नावाच्या गावात एका बाईचं लेकरू असंच पाण्यात गेलं होतं. ती अंतोनीला म्हणाली, माझं पोर दे, मी त्याच्या भारंभार धान्य गरिबांना वाटीन. पोर उठून बसलं आणि बाईनं शब्द पाळला. तेव्हापासून ही रीत. विजयमाला तिथल्या तिथं म्हणाली, मीही वाटीन, दरवर्षी वाटीन, जिवात जीव आहे तोवर. एकदा वाटलं तरी पुरे, असं सिस्टर सांगत होती. पण विजयमालाला हातचं राखून काही करणं ठाऊकच नव्हतं.

पहिल्या वर्षी सिस्टरच त्यांना कुपवाडच्या या चर्चमध्ये घेऊन आली; तेरा किलो भरले. पुढं पोरगा वाढला, तसे नुसते पाव पुरेनात, म्हणून अर्धे पाव आणि अर्धे गहू असं फादरांनी ठरवून दिलं. नवरा आप्पासो वारल्यावर मायलेक कुपवाडलाच राहायला आले. इंद्रजित लोखंड ओतणाऱ्या फौंड्रीत लागला, ती हळदीच्या गोदामात पोती उचलायला. बेकरीवाला लालासाहेब दरवर्षी तिची थट्टा करायचा, की वैनी, पोराला जरा कमी खाऊ घाला, माझी भट्टी दमली. ती खुशीत हसायची. काट्याचा आकडा हाच तिच्यासाठी वर्षाचा निकाल होता. गेल्या वर्षी सहासष्ट भरले, तर ती आठवडाभर गल्लीत सांगत फिरली.

यंदा शिमग्यापासून इंद्रजित उतरायला लागला. सदऱ्याची कॉलर सैल पडली, गालाची हाडं वर आली. ताटातली भाकरी अर्धी तशीच राहायची. भट्टीपुढं उभं राहून अन्न जात नाही, असं तो म्हणायचा. तिनं अंडी खाऊ घातली, खारीक दुधात उकळून दिली, पायाचा रस्सा केला. मिरजेला डॉक्टरला दाखवून आलोय, पित्त आहे म्हणाले, असंही त्यानं सांगितलं. तिला ते पटलंही आणि पटलं नाहीही. तिनं तेव्हाच मनाशी एक ठरवलं. तेरा जून येऊ दे. आकडा खाली आला तर त्याच दिवशी याचा कान धरून मोठ्या दवाखान्यात न्यायचं. नाही आला तर अंतोनीबाबाचा कौल खरा मानायचा. तीन महिने ती त्या काट्याच्या भरवशावर राहिली.

सणाच्या दिवशी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना झाली, पुतळ्यापुढं लिलीची फुलं ठेवून झाली. इंद्रजित ढगळ झब्बा घालून आला होता. फौंड्रीतला त्याचा दोस्त कृष्णात त्याला मोटारसायकलवरून घेऊन आला आणि त्यानंच दंडाला धरून त्याला पारड्यात बसवलं. समोर पाव चढले, मग गव्हाची पोती. विजयमाला श्वास रोखून बघत होती. दांडी हलली, थरथरली आणि सरळ झाली.

सहासष्ट. पावशेर कमी नाही की जास्त नाही.

तिनं आवाराच्या मातीतच डोकं टेकलं. मग उठून असे पाव वाटले की हात दमेनात. मंडपात सगळ्यांबरोबर पंगतीला बसली. मटण होतं, वडे होते, शेवयांची खीर होती. शेजारी इंद्रजितनं दोन घासांवर ताट सारलं. आता काळजी कसली? तिनं त्याच्या वाटची खीरसुद्धा स्वतःच संपवली.

दुपारी घरी आल्यावर तो तसाच चटईवर पडला आणि ग्लानीत गेला. अंगाला घाम सुटला होता. वारा लागावा म्हणून तिनं झब्बा वर सरकवला, तर हाताला गार आणि टणक काहीतरी लागलं. कमरेपासून छातीपर्यंत जुन्या चादरीचा पट्टा गुंडाळलेला होता. त्याला ओळीनं खिसे शिवलेले आणि प्रत्येक खिशात बिडाचा, फौंड्रीतल्या ओतीव लोखंडाचा तुकडा. तिनं एकेक काढून फरशीवर ठेवला. चौदा निघाले. पट्ट्याखाली कातडी सोलून लाल झाली होती आणि बरगड्या मोजता येत होत्या. शेवटचा तुकडा ठेवताना आवाज झाला तसा तो जागा झाला.



"कवापासनं?" तिनं विचारलं.

"शिमग्यापासनं म्हाईत हाय, आये. पोटात गाठ हाय. पसरलीया. कापून उपेग न्हाई म्हणलं."

"आन् ह्ये लोखंड?"

"कृष्णातनं मोजून दिलं. अकरा किलो." मग तो म्हणाला, "कमी भरलो असतो तर तू बाबावर रुसली असतीस. तेवीस वर्सं तुला त्येचा आधार हाय. माज्यामागं तेवडा तरी ऱ्हावा."

तिला संताप आला. त्याचा, कृष्णातचा, चिंचेला टांगलेल्या काट्याचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. आईच्या डोळ्यांना दिसत होतं. हातांनाही कळलं असतं, पण तीन महिन्यांत तिनं त्याच्या पाठीवरून एकदासुद्धा हात फिरवला नव्हता. तो अंग चोरत होता आणि ती तेरा तारखेची वाट बघत होती.

"मराण तुज्या हातात न्हाई, त्येला मी काय बोलू," ती म्हणाली. "पर ह्ये तीन म्हैनं माजं हुतं रं. तू ते चोरलंस."

तो रडायला लागला. रडता रडता पोटात कळ आली आणि तो कुशीवर वळून गोळा झाला. तिनं शेजारच्या पोरीकडून कृष्णातला फोन लावून घेतला. दहा मिनिटांत तो रिक्षा घेऊन आला. आत न येता उंबऱ्यापाशीच उभा राहिला. फरशीवरचं बीड बघून त्यानं मान खाली घातली.

मिरजेला न्यायचं होतं, पण इंद्रजितला उभं राहवेना. कृष्णात पुढं सरसावला.

"तू हात लावू नगंस," विजयमाला म्हणाली.

ती खाली बसली. एक हात त्याच्या पाठीखाली घातला, एक गुडघ्यांखाली. सत्तावीस वर्षांचा बाप्या, आपल्याला पेलायचा नाही, या हिशेबानं तिनं अंगातला सगळा जोर लावला. तो इतक्या सहज वर आला, की ती मागं झोकांडली आणि भिंतीला टेकली. त्याचं डोकं तिच्या खांद्यावर आलं.

कृष्णात दारातून हळूच म्हणाला, "मावशी, जड हुईल तुमास्नी. द्या हिकडं."

"न्हाई रं," ती म्हणाली, "न्हाई हुत जड." आणि त्याला तसाच धरून ती मोठ्यानं रडायला लागली.