दिल्लीच्या लग्नांतला कोल्हापुरी फेटा

मित्रांनो, मी एक जुना फेटा आहे. जुना म्हणा, विटका म्हणा, पण पगडी म्हणू नका; माझा जन्म कोल्हापूरचा आहे. लाल बांधणीचा, सोनेरी काठाचा मी खंडेरावांच्या लग्नासाठी घेतला गेलो आणि त्यांच्या फौजेच्या नोकरीबरोबर गावोगाव हिंडत दिल्लीला आलो. पुढे सुभेदार खंडेराव निवृत्त होऊन दिल्लीतल्याच द्वारकेच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले आणि मी काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून राहिलो. पाठीवर रुळणारं माझं टोक, ज्याला शेमला म्हणतात, ते कित्येक वर्षं वाऱ्यावर हललं नव्हतं. फार वाईट वाटायचं.

मग त्यांच्या मुलाच्या, अनुरागच्या, मित्रांची लग्नं सुरू झाली आणि माझे दिवस पालटले. पहिलं लग्न हरकीरतचं, टिळक नगरच्या गुरुद्वारात. तिथे डोकं झाकावंच लागतं. खंडेरावांनी मुलाला समोर बसवून मला झोकात बांधलं. अनुरागने आरशात पाहिलं.

"बाबा, ही शेपूट जरा छोटी करा ना यार!"

"शेपूट? शेमला म्हणतात त्याला!" खंडेराव गरजले. "दिल्लीत वाढलास म्हणून मराठी विकून खाल्लीस का?"

माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला. पण गुरुद्वारात एवढ्या पगड्यांमध्येही मी उठून दिसलो. हरकीरतचे आजोबा मुद्दाम जवळ आले. "वाह पुत्तर! खुद बाँधी है?"

"नहीं जी, पापा ने."

"सीख लो. सिर तो तुम्हारा है."

अनुरागचे कान माझ्याइतकेच लाल झाले.

इशिताचं लग्न कोर्टात झालं. नवरी जीन्समध्ये, नवरा ऑफिसच्या शर्टात. तिथल्या बाबूने मला पाहिलं आणि कागद थेट अनुरागपुढे सरकवला, "दूल्हा इधर साइन करे." त्या दिवशी मी किती फुगलो म्हणून सांगू!

गर्वाचं घर खाली म्हणतात, ते खोटं नाही. जोबिनचं लग्न मयूर विहारच्या चर्चमध्ये होतं. दारातच अनुराग थबकला. आत सगळे पुरुष उघड्या डोक्याने बसले होते. कार्य संपेपर्यंत फेटा उतरवायचा नाही, हा तर खंडेरावांचा नियम. अनुरागने घरी फोन लावला.

पलीकडून खंडेराव म्हणाले, "ज्याचं कार्य, त्याची रीत. उतरव. फक्त जमिनीवर ठेवू नकोस."

अनुरागने मला उतरवलं आणि मी सुटलो. सगळं लग्न मी त्याच्या मांडीवर गोळा होऊन पाहिलं. जोबिनने नवरीच्या डोक्यावर रेशमी साडी ठेवली. त्यांच्या केरळात मंत्रकोडी म्हणतात तिला. एका कापडाला डोक्यावर मान मिळाला आणि मी मांडीवर! खरं सांगतो, मला रडू आलं.

बाहेर येताच जोबिन ओरडला, "अरे, मेरी शादी में तू ऐसे? फेटा कहाँ है? चल, आज मुझे बाँध!"

आता आली पंचाईत. अनुरागला बांधता कुठे येत होतं? त्याचा हात फोनकडे गेला, पण मग तो हात त्याने मागे घेतला. पहिल्या खेपेला मी सरळ जोबिनच्या नाकावर आलो. वऱ्हाडी हसले. अनुरागने डोळे मिटून वडिलांचे हात आठवले, एक टोक जोबिनच्या दातांत दिलं, पीळ घट्ट केला आणि एकेक वेढा चढवत गेला. मी बसलो! जरा तिरपा, पण पक्का.

जोबिनने आपल्या पाठीवर रुळणाऱ्या माझ्या टोकावर हात फिरवला. "और ये पूँछ?"

"पूँछ नहीं यार," अनुराग म्हणाला, "शेमला. शेमला बोल!"

मित्रांनो, तिरपा असूनही मी आजवर इतका ताठ कधी झालो नव्हतो.

तुमच्याही घरी कपाटात माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. पण तेवढ्याने आमचं पोट भरत नाही; बांधायला शिका. चार वेळा नाकावर येऊ, पाचव्या वेळी बसू. आणि तेही जमेना, तर निदान नाव तरी नीट घ्या. शेपूट म्हशीला असते.